घंटेला धावणारे आणि त्यांची घरपट्टी

घरपट्टी म्हटलं की आपल्या कपाळाला आठी पडते, पण आज आपण त्याच बिलातून इतिहास वाचायचा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या छोट्या गावांत आग लागली किंवा अपघात झाला, तर धावून येणारा माणूस बहुतेक वेळा पगारी नसतो. तो सुतार असतो, शिक्षक असतो, दुकानदार असतो. अशा स्वयंसेवकाला समाजाने परतफेड काय करायची?

या प्रश्नाचं पहिलं उत्तर इंग्रजांच्या वसाहतकाळातलं आहे. १७३७ साली न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने शहरात अग्निशामक नेमण्याचा कायदा केला. जास्तीत जास्त ४२ माणसं, धडधाकट आणि सचोटीची. पगार नाही. मात्र त्यांना नागरी सैन्यातली सेवा, ज्यूरीचं काम, कॉन्स्टेबलची जबाबदारी यांतून सूट. बघा, इथे पैशाचा संबंधच नाही. तुम्ही गावासाठी एक ओझं उचललंत, म्हणून दुसरी ओझी उतरवली. आपल्याकडे सेवेच्या बदल्यात सारामाफीची इनाम जमीन असे, त्याची आठवण इथे होईल. पण इथली सूट जमिनीची नव्हती, वेळेची होती. ठरावीक वर्षं सेवा पूर्ण केलेल्यांना पुढे ‘एक्झेम्प्ट फायरमन’, म्हणजे सूट मिळालेला अग्निशामक, असं म्हणू लागले आणि ती मानाची पदवी झाली.

१८६५ मध्ये न्यूयॉर्क शहरात पगारी दल उभं राहिलं. गावांत मात्र स्वयंसेवक राहिले. पण त्यांना मिळणाऱ्या सवलतीचं मोल हळूहळू ओसरलं. सक्तीच्या नागरी सैन्याचा काळ संपला. १९९६ पासून राज्याने व्यवसायानुसार मिळणारी ज्यूरीची सूटही काढून टाकली. उतरवायला ओझंच उरलं नाही, मग द्यायचं काय? उरला कर.

आणि इकडे माणसं कमी होत होती. देशभरात १९८४ साली सुमारे ९ लाख स्वयंसेवक अग्निशामक होते. २०२० मध्ये ते पावणेसात लाखांच्या आसपास आले. प्रशिक्षणाचे तास वाढले, नोकऱ्या गावाबाहेर गेल्या. दुपारी दोनला भोंगा वाजला तर गावात असतं कोण?

न्यूयॉर्कने २००७ पासून आयकरात २०० डॉलरची सवलत दिली. घरपट्टीतली सूट काही काउंट्यांपुरती वेगवेगळ्या कायद्यांनी येत गेली. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये राज्यभरासाठी एक कायदा झाला: घराच्या करपात्र मूल्यात १० टक्क्यांपर्यंत सूट. तीन लाख डॉलर मूल्याच्या घरावर दोन लाख सत्तर हजारांचाच कर. किमान सेवेची अट दोन ते पाच वर्षं, ती स्थानिक संस्थेने ठरवायची. मेख इथेच आहे. सूट द्यायची की नाही हेही प्रत्येक काउंटी, गाव आणि शाळा-जिल्हा आपापलं ठरवतो. शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन स्वयंसेवकांच्या मधून हद्द गेली, तर एकाला सूट मिळते, दुसऱ्याला नाही.

आणखी दोन गोष्टी आपण विसरू नयेत. गावाला जमवायची रक्कम तेवढीच राहिली, तर एकाची सूट इतरांच्या बिलात जाते. आणि ज्याचं घरच नाही त्याचं काय? भाड्याने राहणारा किंवा आईवडिलांकडे राहणारा वीस-बावीस वर्षांचा मुलगा, दलाला ज्याची सगळ्यात जास्त गरज, त्याला या सवलतीतून काहीच मिळत नाही. आयकरातले २०० डॉलर, बस.

म्हणून आम्हाला १७३७ चा कायदा पुन्हा वाचावासा वाटतो. तो उदार होता असं नाही, फुकटात काम करून घेणाराच होता. पण त्याची सूट घरमालकाला आणि भाडेकरूला सारखीच लागू पडायची. आजच्या कायद्यात ते कसं आणायचं, यावर आता तुमचे प्रश्न घेऊ.