पेटकर, मुरलीकांत राजाराम

(१ नोव्हेंबर १९४४ – ). भारतीय लष्करातील मुष्टियोद्धे आणि पॅरालिम्पिकमध्ये भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून देणारे जलतरणपटू. जन्म सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा. हा मुलूख कुस्तीचा, तालमींचा. पेटकरांच्या हातांत मुष्टियुद्धाचे हातमोजे आले ते लष्कराच्या विद्युत व यांत्रिकी अभियंत्यांच्या (ईएमई) दलात जवान असताना.

१९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात गोळ्या लागून ते कायमचे जायबंदी झाले. मुष्टियुद्ध सुटले. उपचार म्हणून सुरू केलेले पोहणे मात्र त्यांना १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकपर्यंत घेऊन गेले. तिथे ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमी वेळेत जिंकली. ऑलिंपिकमध्ये भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक अभिनव बिंद्राने मिळवून दिले, तेही त्यानंतर ३६ वर्षांनी!

एवढा मोठा पराक्रम महाराष्ट्राच्या घराघरांत मात्र पोहोचला नाही. कुस्तीगीर खाशाबा जाधवांचे १९५२ चे ऑलिंपिक कांस्यपदक लोकांच्या तोंडी राहिले, पेटकरांचे सुवर्ण दशकानुदशके विस्मरणात गेले. अपंगांच्या खेळाकडे बघण्याची आपली नजर याला मुख्यतः कारणीभूत आहे.

२०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जून २०२४ मध्ये कबीर खान दिग्दर्शित ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट प्रदर्शित झाला; त्यात कार्तिक आर्यनने पेटकरांची भूमिका केली आणि हे नाव नव्या पिढीपर्यंत गेले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. पेटकरांनी तो जीवनगौरव म्हणून जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, राष्ट्रपतींच्या हस्ते स्वीकारला.