चित्रातला नकार

कामगार संघटनेच्या माणसाने अमूर्त चित्रकलेवर बोलावे हे पुष्कळांना विपरीत वाटेल. चित्रात राबणारे हात दिसले, गिरणीची चिमणी दिसली, की ते चित्र समाजाविषयी बोलते. नुसते रंगांचे पट्टे दिसले, की ते श्रीमंताच्या दिवाणखान्याचे, असा आपल्या चळवळीत एक सरळ हिशेब आहे. मीही चित्रशाळेत शिकलेला नाही. ग्रंथालयातील पुस्तकांनीच मला जे काही दाखविले ते दाखविले. पण तेवढ्यावरूनही हा हिशेब चुकीचा आहे एवढे मला कळते.

१९१९ साली, रशियात यादवी चालू असता, एल लिसित्स्की याने एक भित्तिपत्रक काढले. त्यात सैनिक नाही, बंदूक नाही. पांढऱ्या वर्तुळात घुसलेली एक लाल पाचर आणि दोनचार शब्द. पाचर काय करते हे लाकूड फोडणाऱ्याला शिकवावे लागत नाही! पुढे त्याच राज्याने अशा चित्रांना दार बंद केले आणि १९६२ साली मॉस्कोच्या प्रदर्शनात ख्रुश्चेव्हने नव्या चित्रकारांवर तोंडसुख घेतले. इकडे अमेरिकेने आपल्या स्वातंत्र्याची साक्ष म्हणून अमूर्त चित्रे देशोदेशी फिरविली. एकाने हाकलले, दुसऱ्याने मिरविले. चित्र काय म्हणते ते ऐकायला दोघांनाही सवड नव्हती.

आता घराजवळ येऊ. आपल्या जिल्ह्याच्या शिवेपलीकडे, अमरावतीकडच्या तळेगाव दशासरला १९१७ साली हरी अंबादास गाडे जन्मले. त्यांनी नागपूरला चित्रकलेचे धडे घेतले. मुंबईत १९४७ साली सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, त्यांत ते होते. त्यांचे सोबती कोण? सूझा कम्युनिस्ट पक्षात वावरलेले. आरा लोकांच्या मोटारी धुवून पोट भरीत आणि मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले. कला लोकांपर्यंत न्यायची, ही प्रारंभीची प्रतिज्ञा. पण १९४९ च्या प्रदर्शनावेळी सूझांनी लिहून टाकले की, कलावंत आणि लोक यांच्यातील दरी आपल्याला बुजविता येत नाही. आमच्यातले काही याला पळपुटेपणा म्हणतात. मला तो कटू प्रामाणिकपणा वाटतो. दरी बुजल्याचा देखावा त्यांनी केला नाही.

त्या काळी खेडे विकले जाई ते डोक्यावर घागर घेतलेल्या सुंदर स्त्रीच्या रूपात. गाडे यांनी खेडे काढले ते घरांच्या चौकोनांत, उतारांच्या कोनांत, जाड रंगांच्या थरांत. दारिद्र्याला शोभेची वस्तू करण्यास त्यांचा कुंचला तयार झाला नाही. संपाच्या दिवशी जिनातील यंत्रे थांबतात तेव्हा आवारात भाषण होत नाही, तरी मालकाला सर्व काही ऐकू येते. या चित्रांतील टीका मला त्या जातीची वाटते.

अकोल्याचे आंबादास (जन्म १९२२) याच वाटेने आणखी पुढे गेले. कापसाच्या मुलखातला हा माणूस काही काळ विणकर सेवा केंद्रात नोकरी करीत होता. १९६३ साली दिल्लीत ग्रुप १८९० चे प्रदर्शन झाले. नावात वर्ष दिसते, पण तो भावनगरच्या एका घराचा क्रमांक! बारा चित्रकार व शिल्पकार. त्यांचे पुढारी स्वामिनाथन, तेही एके काळचे कम्युनिस्ट कार्यकर्ते. रविवर्म्याची हुबेहूब नक्कल नको, बंगालचे खेड्याविषयीचे स्वप्नरंजन नको, आणि युरोपची उसनवारीही नको, असे त्यांनी जाहीरनाम्यात बजावले. आंबादासांच्या चित्रांत वस्तूच उरली नाही. वाहता, पिळवटलेला रंग तेवढा राहिला. १९७२ मध्ये ते नॉर्वेत गेले आणि २०१२ साली ऑस्लोत वारले.

एक आक्षेप मात्र मी टाळणार नाही. नागपुरात जन्मलेल्या गायतोंडे यांचे एक चित्र २०१५ साली मुंबईच्या लिलावात २९ कोटींवर गेले. नकाराचीही किंमत ठरते आणि ती मोजणारा कामगार नसतो. म्हणून नकार खोटा होत नाही; पण तो कोणाच्या भिंतीवर अडकून पडला, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. तळेगावच्या शंकरपटाला बैलजोड्या पाहायला दुरून माणसे येतात. त्या गर्दीत गाडे हे नाव कितीजणांनी ऐकलेले असेल?