प्रीमियर पद्मिनी: दर्जा उतरत गेलेल्या एका मोटारीची कुळकथा

महाराष्ट्रातच घडलेल्या आणि महाराष्ट्रातच दर्जाने उतरत गेलेल्या मोटारीचा शोध घेतला, तर तो कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यापाशी येऊन थांबतो. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये ही कंपनी स्थापन केली. आरंभी तेथे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होत असे, आणि 1950 च्या दशकात इटलीच्या फियाट कंपनीशी संबंध जुळल्यावर लहान कुटुंबाची मोटार हे कारखान्याचे मुख्य काम झाले. 1954 च्या सुमारास आलेल्या गोलसर बांध्याच्या 1100 फियाटला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटले, तर 1964 मध्ये आलेल्या कोनदार ‘1100 डिलाइट’ने पुढे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि 1974 पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ ही नावे धारण केली. नाव बदलले, तरी 1,089 घनसेंमीचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगलगतचा गियरचा दांडा, मागच्या चाकांना मिळणारी गती आणि मागचे कमानपाटे हे सारे तेच राहिले.

या मोटारीची मूळ घडण निकृष्ट नव्हती, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. तिचा सांगाडा एकसंध होता, म्हणजे जीपप्रमाणे खाली वेगळी चासी आणि तिच्यावर बसवलेली बॉडी अशी रचना नसून पत्र्याच्या घड्या व जोड यांनीच सगळा भार पेलला जाई. अशा रचनेत गाडी हलकी राहते आणि वळणावर नीट बसते, पण पत्रा हाच तिचा कणा असल्यामुळे पत्र्याचा दर्जा आणि जोडाचे काम यांत झालेली कसूर थेट गाडीच्या आयुष्यावर उठते. पत्र्याला आकार देणारे साचे वापराने झिजतात, झिजलेल्या साच्यातून निघालेला दरवाजा चौकटीत नेमका बसत नाही, आणि त्या फटीतून आत गेलेले पाणी दरवाजाखालच्या पोकळ पट्टीत साठून तिला आतून खाऊ लागते. वरून लांबी भरून रंग मारला, तरी आतले सडणे चालूच राहते. फियाटने इटलीत 1966 मध्ये जो नमुना मागे टाकला, तो कुर्ल्यात शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिला.

दर्जा का घसरला, याचे उत्तर कारखान्याच्या भिंतींबाहेर अधिक सापडते. परवाना पद्धतीत किती मोटारी काढायच्या हे सरकार ठरवी, आयातीवर निर्बंध होते, आणि गिऱ्हाइकाला नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. जो माल हातात येण्याआधीच विकला गेलेला असतो, त्याचा दरवाजा नीट लागतो की नाही हे पाहण्याची निकड उत्पादकाला उरत नाही. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात तक्रारी इतक्या वाढल्या की, केंद्र सरकारला मोटारींच्या दर्जाची चौकशी करण्यासाठी समिती नेमावी लागली. त्यानंतर 1969 मध्ये किमतींवर नियंत्रण आले आणि प्रीमियरने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. बांधलेल्या किमतीत नव्या साच्यांचा खर्च कसा भागवायचा, हा कंपनीचा प्रश्न रास्त होता. तथापि किंमत नियंत्रण उठल्यानंतरही गाडीत मूलभूत सुधारणा झाली नाही, हे पाहता सगळा दोष सरकारवर टाकणे न्याय्य ठरत नाही.

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांचा भूगोल अशा मोटारीच्या नेमक्या उणिवांवर बोट ठेवणारा आहे. कापूरहोळला सातारा रस्ता सोडून भोरमार्गे वरंधा घाटाने महाडकडे उतरणारी वाट नीरा-देवघरच्या जलाशयाच्या कडेने जाते. चढावर दुसऱ्या गियरमध्ये रेंगाळणाऱ्या लहान इंजिनाचे पाणी उकळू लागते, आणि उतारावर चारही चाकांचे ड्रम ब्रेक, म्हणजे बंद डब्याच्या आत पट्ट्या घासून चाक थांबवणारे ब्रेक, तापले की त्यांची पकड सुटत जाते. नसरापूरहून वेल्ह्याकडे, तोरण्याच्या पायथ्याशी, पावसाचे महिने पत्र्याला कोरडे होऊ देत नाहीत. या मुलखात एसटीच्या फेऱ्यांमधली पोकळी भरून काढणारी ‘वडाप’, म्हणजे माणशी भाडे घेऊन भरतील तशी माणसे नेणारी खासगी वाहतूक, जीप आणि ट्रॅक्स यांच्या वाट्याला गेली, याचे कारण त्यांच्या चासीत आहे: महिंद्राची जीप किंवा आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स यांचा पत्रा गंजला तरी भार जाड पोलादी चासीवर राहतो, आणि खेड्यातला फिटरही ठोकून-जोडून ती चालती ठेवू शकतो.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. पद्मिनी काही अंशी खरोखर बिघडली, आणि काही अंशी ती होती तेथेच राहिली व भोवतालची अपेक्षा पुढे गेली. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आल्यावर हे दुसरे अंग एकदम उघडे पडले, कारण हलक्या हाताने पडणारा गियर आणि चटकन सुरू होणारे इंजिन म्हणजे काय, हे सामान्य गिऱ्हाइकाला तेव्हा प्रथम अनुभवायला मिळाले. प्रीमियरने 1990 च्या दशकात पद्मिनीला डिझेल इंजिन दिले, प्यूजो आणि फियाट यांच्याशी नव्याने भागीदारी केली, परंतु कामगार संघर्ष आणि आटलेली मागणी यांतून कारखाना सावरला नाही, आणि शतक बदलताना पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईत मात्र हीच गाडी काळी-पिवळी टॅक्सी म्हणून टिकली; ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा भरल्यामुळे ऑक्टोबर 2023 मध्ये बाद झाली. सपाट शहरात, ओळखीच्या फिटरच्या हाताखाली आणि सुटे भाग मुबलक मिळत असताना तिला जे दीर्घायुष्य लाभले, ते वरंध्याच्या चढावर लाभणे कठीण होते.