याहू, मायक्रोसॉफ्ट आणि न जुळलेली सोयरीक

परवा ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा येऊन पडला. 'याहूनं ४४ अब्ज डॉलरची ऑफर नाकारली आणि शेवटी साडेचार अब्जाला विकली गेली. वेळीच हो म्हणायला शिका!' खाली टाळ्या वाजवणारे हात, आणि कुणाचं तरी 'एकदम बरोबर'. वर्षातून दोनदा तरी हा मला येतोच. दरवेळी मी उत्तर टाइप करायला घेतो, मग फार लांबतंय म्हणून पुसून टाकतो. या शनिवारी म्हटलं, लांबू दे.

फॉरवर्डातले आकडे खरे आहेत. हिशोब मात्र चुकलाय. आणि त्या चुकलेल्या हिशोबाच्या नादात या गोष्टीत खरं नुकसान कोणाचं आणि कशाचं झालं, ते बाजूलाच राहतं.

तर मंडळी, सुरुवात २००८ पासून. तरुण वाचकांसाठी सांगतो, तेव्हा याहू म्हणजे काही जुनाट नाव नव्हतं. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून आम्ही ज्या दोन-चार साइट उघडायचो, त्यात याहू मेल आणि याहू मेसेंजर हमखास असायचे. पण सर्चमध्ये कंपनी मागे पडली होती. अमेरिकेत सर्चच्या बाजारात गूगलकडे साधारण ५८ टक्के, याहूकडे २२ च्या आसपास, आणि मायक्रोसॉफ्ट १० टक्क्यांच्याही आत. कंपनीचे एक संस्थापक जेरी यांग जून २००७ मध्ये सीईओच्या खुर्चीत बसले होते, आणि जानेवारी २००८ च्या शेवटी त्यांनी हजार जणांच्या नोकऱ्या जाणार असं जाहीर केलं होतं.

त्याच आठवड्यात, १ फेब्रुवारीच्या शुक्रवारी, मायक्रोसॉफ्टनं जगासमोर स्थळ सांगून पाठवलं. शेअरमागे ३१ डॉलर, एकूण ४४.६ अब्ज. आदल्या दिवशी याहूचा शेअर १९.१८ डॉलरला बंद झाला होता, म्हणजे बाजारभावापेक्षा ६२ टक्के जास्त. मायक्रोसॉफ्टचा विचार सरळ होता. दोन नंबर आणि तीन नंबर एकत्र आले तर एक नंबरशी निदान कुस्ती तरी खेळता येईल.

११ फेब्रुवारीला याहूच्या बोर्डानं नाही म्हटलं. कारण दिलं की ही किंमत कंपनीची योग्यता फारच कमी धरते. मग तीन महिने नुसती रस्सीखेच. याहूनं एओएल आणि न्यूज कॉर्पशी बोलणी करून पाहिली. ५ एप्रिलला स्टीव्ह बाल्मर यांनी पत्र पाठवून तीन आठवड्यांची मुदत दिली. मायक्रोसॉफ्ट ३३ डॉलरपर्यंत चढली, यांग ३७ वर अडून बसले. ३ मेला बाल्मर यांनी ऑफर मागे घेतली. सोमवारी बाजार उघडला तसा याहूचा शेअर १५ टक्के खाली आला.

आता फॉरवर्डचा हिशोब. २०१६ मध्ये व्हेरायझननं याहू ४.८३ अब्जाला घ्यायचं ठरवलं. मग कोट्यवधी खात्यांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं, किंमत ३५ कोटी डॉलरनं कमी झाली, आणि जून २०१७ मध्ये ४.४८ अब्जावर सौदा पुरा झाला. ४४.६ आणि ४.४८, जवळजवळ बरोब्बर एक दशांश. फॉरवर्डला याहून चांगला मसाला कुठला मिळणार?

पण विकलं काय गेलं ते बघा. २००८ ची ऑफर अख्ख्या कंपनीसाठी होती. त्यात अलीबाबामधला आणि याहू जपानमधला हिस्साही आला. २०१७ ला व्हेरायझननं घेतली ती फक्त मेल, बातम्या, जाहिराती वगैरे चालवणारी कंपनी. आशियातले हिस्से याहूच्या भागधारकांकडेच राहिले, ऑल्टाबा नावाच्या वेगळ्या डब्यात. म्हणजे बंगला जमिनीसकट मागायला आलेल्या गिऱ्हाइकाचा भाव, आणि नंतर जमीन स्वतःकडे ठेवून नुसतं बांधकाम विकल्याचा भाव, हे दोन शेजारी मांडून आपण हसतोय.

आणि जमीन सोन्याची निघाली. २००५ मध्ये याहूनं एक अब्ज डॉलर आणि आपला चीनमधला धंदा देऊन अलीबाबाचा साधारण ४० टक्के हिस्सा घेतला होता. हा सौदा जमवण्यात यांग यांचाच पुढाकार होता. २०१२ मध्ये यातला निम्मा हिस्सा अलीबाबाला परत विकून सुमारे ७.६ अब्ज मिळाले. २०१४ मध्ये अलीबाबा न्यूयॉर्कच्या बाजारात आली तेव्हा आणखी काही शेअर विकून ९ अब्जांहून जास्त, आणि तरीही बराच हिस्सा शिल्लक. याहूचा शेअर २००८ च्या अखेरीस १२ डॉलरवर होता. २०१३ च्या अखेरीस तो ४० वर आणि २०१४ च्या अखेरीस ५० च्या आसपास गेला.

दुसरी गोष्ट. मायक्रोसॉफ्टच्या त्या ३१ डॉलरमध्ये साधारण अर्धी रोकड होती आणि अर्धे मायक्रोसॉफ्टचेच शेअर. ऑफर जाहीर झाली त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टचा शेअर साडेसहा टक्के पडला, म्हणजे ऑफरची किंमत पहिल्याच दिवशी घसरली. पुढे सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली, आणि मार्च २००९ पर्यंत मायक्रोसॉफ्टचा शेअर जवळपास निम्म्यावर आला. तेव्हा ४४.६ अब्ज म्हणजे कुणी नोटांची बॅग आणून टेबलावर ठेवली होती असंही नाही.

याचा अर्थ यांग बरोबर होते का? भागधारकांच्या बाजूनं बघितलं तर ज्याच्याकडे पाच-सहा वर्षं थांबायची ताकद होती, त्याचे पैसे परत आले, वर नफाही झाला. ज्यानं नोव्हेंबर २००८ मध्ये दहाच्या खाली घाबरून विकलं, तो बुडाला. पण हे पैसे याहूच्या कामातून आलेच नाहीत. ते आले हांगझोऊमधल्या दुसऱ्या एका कंपनीच्या कामातून. माझ्या दृष्टीनं खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. शेअरचं ठीक झालं. कामाचं काय झालं?

मी स्वतः एकदा अशा कंपनीत होतो, जिला कुणीतरी घेणार घेणार म्हणून सहा-आठ महिने चर्चा चालली आणि शेवटी काहीच झालं नाही. नाव सांगत नाही. पण ते दिवस आठवतात. काम चालू असतं, पण कुणी काही ठरवत नाही. 'हे आत्ता नको, चित्र स्पष्ट होऊ दे.' नवीन माणूस घ्यायचा? थांबा. जुनी सिस्टिम बदलायची? थांबा. आणि या थांबा-थांबामध्ये सगळ्यात आधी कोण निघून जातं? ज्याला बाहेर नोकरी सहज मिळते तो.

याहूत हेच घडलं, फक्त सुमारे १४ हजार माणसांच्या मापानं. ऑफर नाकारली त्याच सुमाराला बोर्डानं एक योजना मंजूर केली. कंपनी दुसऱ्याच्या ताब्यात गेली आणि त्यानंतर दोन वर्षांत तुमची नोकरी गेली, किंवा कामात मोठा बदल झाला म्हणून तुम्हीच सोडली, तर पदाप्रमाणे चार महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचा पगार मिळणार. यांग यांचं म्हणणं, लोकांना धीर मिळावा म्हणून. काही पेन्शन फंड डेलावेअरच्या कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, ही मायक्रोसॉफ्टच्या वाटेत टाकलेली धोंड आहे. दोन्ही खरं असू शकतं. पण गंमत बघा, ही छत्री उघडणार होती सौदा झाला तरच. सौदा मोडला, आणि लोक तसेच पावसात.

जून २००८ मध्ये रांगच लागली. फ्लिकर बनवणारे स्टुअर्ट बटरफिल्ड आणि कॅटरिना फेक गेले. डिलिशसचे जोशुआ शॅक्टर गेले. जेफ वीनर गेले, पुढे लिंक्डइनचे सीईओ झाले. सर्च आणि जाहिरातींच्या इंजिनियरिंगचे प्रमुख ची लू यांनीही त्याच उन्हाळ्यात राजीनामा दिला. सगळे या एका कारणानं गेले असं मी म्हणणार नाही, प्रत्येकाची आपली कारणं असतील. पण एवढी माणसं एकाच वेळी उठतात, तेव्हा मागे राहिलेल्यांना जे समजायचं ते समजतं.

वर बसलेल्यांचं लक्ष तेव्हा दुसरीकडे होतं. कार्ल आयकान यांनी शेअर गोळा करून बोर्डच बदलायची मोहीम काढली होती. त्यांना उत्तर म्हणून याहूनं १२ जूनला गूगलशी करार केला, आपल्या सर्चवर काही जाहिराती गूगलच्या दाखवायच्या. वर्षाला ८० कोटी डॉलरपर्यंत जादा मिळतील असा अंदाज होता. अमेरिकेच्या न्याय खात्यानं खटल्याची तयारी केली, आणि ५ नोव्हेंबरला गूगलनं अंग काढून घेतलं. म्हणजे एक सोयरीक मोडली म्हणून दुसरी केली, तीही मोडली. १७ नोव्हेंबरला यांग पायउतार होणार हे जाहीर झालं. डिसेंबरमध्ये आणखी सुमारे दीड हजार माणसं घरी गेली. त्यात जागतिक मंदीचाही वाटा होता, हे मान्य.

आणि मग तो करार, जो मला या सगळ्यात सर्वात जास्त लागतो. २९ जुलै २००९. नव्या सीईओ कॅरोल बार्ट्झ यांनी मायक्रोसॉफ्टशी दहा वर्षांचा करार केला. याहूच्या सर्चमागचं इंजिन यापुढे बिंग. पहिली पाच वर्षं याहूच्या साइटवरच्या सर्चच्या उत्पन्नातला ८८ टक्के वाटा याहूला मिळणार, पण एकरकमी रक्कम काहीच नाही. त्या दिवशी याहूचा शेअर १२ टक्के पडला.

याहूचं सर्च इंजिन म्हणजे काय होतं? गूगलचं इंजिन भाड्यानं वापरत असतानाच कंपनीनं इंकटोमी विकत घेतली, ओव्हरचर विकत घेतली, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये स्वतःचं इंजिन उभं केलं. शेकडो इंजिनियरांची वर्षं त्यात गेली. ऑगस्ट २०१० पासून ते अमेरिकेत बंद व्हायला लागलं. मायक्रोसॉफ्टला ४४ अब्ज मोजून जे हवं होतं, त्यातला सर्चचा भाग तिला काहीही आगाऊ न देता मिळाला. आणि बिंगची जबाबदारी तोवर कोणाकडे? जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये रुजू झालेल्या ची लू यांच्याकडे. त्यांच्या हाताखाली बिंगचं इंजिनियरिंग सांभाळत होते सत्या नडेला.

मग सगळंच वाया गेलं का? नाही, आणि हा भाग फॉरवर्डमध्ये कधीच नसतो. १९ फेब्रुवारी २००८ ला, म्हणजे ऑफर नाकारल्यावर जेमतेम आठवड्यानं, याहूच्या इंजिनियरांनी जाहीर केलं की त्यांच्या सर्चचा वेबचा नकाशा आता दहा हजारांहून जास्त कोअरच्या क्लस्टरवर, हडूपवर तयार होतोय. डग कटिंग २००६ मध्ये याहूत आले तेव्हापासून कंपनीनं या प्रकल्पात माणसं आणि मशिनं ओतली होती. बंगळूरच्या केंद्रातलेही लोक त्यात होते. पेपरात मथळे ३१ डॉलरचे, आणि खाली कुठेतरी ही माणसं शांतपणे आपलं काम करत होती.

हडूप ओपन सोर्स होतं, अपाचेच्या छत्राखाली. त्यामुळे याहूचं काहीही झालं तरी त्याला धक्का लागला नाही. २००८ मध्ये क्लाउडेरा निघाली, तिच्या संस्थापकांत याहूतून बाहेर पडलेले अमर अवदल्ला होते, आणि २००९ मध्ये कटिंगही तिथे गेले. २०११ मध्ये याहूच्या हडूप टीममधूनच हॉर्टनवर्क्स ही वेगळी कंपनी झाली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं आपला ड्रायड हा पर्याय गुंडाळून हडूप स्वीकारलं, आणि मदतीला घेतलं कोणाला? हॉर्टनवर्क्सला. पुढची काही वर्षं पुण्यात, बंगळूरला, हैदराबादला कितीतरी जणांची करिअर या हत्तीच्या पाठीवर बसून झाली. तुमच्या टीममधल्या एखाद्या सीनियरचा जुना रेझ्युमे बघा, सापडेल.

आणि मायक्रोसॉफ्ट? त्या धंद्यात मोठी खरेदी तिला फारशी लाभत नव्हती. २००७ मध्ये सहा अब्जांहून जास्त मोजून घेतलेली जाहिरातींची ॲक्वान्टिव्ह २०१२ मध्ये जवळपास पूर्ण बुडीत खाती टाकावी लागली. २०११ मध्ये बाल्मर स्वतःच म्हणाले की कधीकधी नशीब साथ देतं. अ‍ॅझ्युअरची घोषणा झाली ऑक्टोबर २००८ ला, याहू हातची गेल्यावर पाच महिन्यांनी. यातलं एक झालं म्हणून दुसरं झालं, असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पण १४ हजार माणसं आणि दोन-दोन मेल सिस्टिम एकत्र करत बसलेली मायक्रोसॉफ्ट तेव्हा कशी दिसली असती, याचा विचार करून बघा.

तेव्हा पुढच्या वेळी तो फॉरवर्ड आला की मी एवढंच लिहिणार आहे: पैसे परत आले, सर्च इंजिन आलं नाही. मेसेंजर २०१८ मध्ये गेलं, ग्रुप्स २०२० मध्ये. जे लोकांना वाटून टाकलं होतं, तेवढं मात्र टिकलं.

असो. फारच लांबलं. पण आज पुसून टाकत नाही.