तळटीप : ताजमधील जाझ
१. ‘ताजमधील जाझ’ : १९३५ साली लिऑन अॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात दाखल झाला, पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्डही तेथे रुजू झाला. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले गोमंतकीय वादक लिहिलेले संगीत बिनचूक वाजवीत; परंतु गीताचे आवर्तन फिरत असता एकेकाने उठून, त्याच स्वरसंगतीच्या चौकटीत, ऐन वेळी नवी सुरावट रचावी, ही विद्या त्यांनी अशा सहवासातून व ध्वनिमुद्रिका ऐकून आत्मसात केली. दारूबंदीचा अंमल सुरू झाल्यावर हॉटेलांतील बिदागी आटली आणि पुष्कळजण चित्रपटांच्या वाद्यवृंदांकडे वळले. सी. रामचंद्रांचे संगीत असलेल्या ‘अलबेला’त (१९५१) हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. — संपादक