अंत्यसंस्कार-व्यवस्थापक

मृत्यूनंतर प्रेताची तयारी, वाहतूक, विधी आणि दफन वा दहन यांची संपूर्ण व्यवस्था मोबदला घेऊन पाहणारा व्यावसायिक. या व्यवसायाची घडण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विशेष स्पष्टपणे दिसते. तेथे त्यास लागणारी कौशल्ये काळानुसार बदलत गेली. सचोटीची गरज मात्र प्रत्येक टप्प्यावर कायम राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रेतास स्नान घालणे, वस्त्रे नेसविणे ही कामे घरातील व शेजारच्या स्त्रिया करीत. शवपेटी गावचा सुतार तयार करी आणि ती वाहून नेण्यासाठी घोडागाडी भाड्याने मिळे. पुढे काही सुतारांनी व गाडीवाल्यांनी ही सर्व कामे एकत्रितपणे अंगावर घेतली. हस्तकौशल्य व वक्तशीरपणा एवढे त्यांना पुरेसे होते.

यादवी युद्धाने (१८६१–६५) ही स्थिती पालटली. मृत सैनिकांचे देह दूरच्या गावी धाडण्यासाठी शवसंलेपनाची, म्हणजे रक्तवाहिन्यांत परिरक्षक द्रव भरून प्रेत टिकविण्याची, मागणी वाढली. मे १८६१ मध्ये मारले गेलेले कर्नल एल्मर एल्सवर्थ यांच्या देहाचे टॉमस होम्स यांनी केलेले संलेपन गाजले. तथापि काही संलेपकांनी नातेवाइकांकडून अवाच्या सवा पैसे उकळल्याच्या तक्रारी झाल्या व १८६५ मध्ये युद्धखात्याने संलेपकांवर परवान्याचे बंधन घातले. त्याच वर्षी अब्राहम लिंकन यांचा संलेपित देह वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डपर्यंत सु. २,६६० किमी. आगगाडीने नेण्यात आला. वाटेत असंख्य लोकांनी अंत्यदर्शन घेतले आणि ही पद्धत लोकांच्या परिचयाची झाली.

१८८२ मध्ये व्यवस्थापकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि सिनसिनाटी येथे संलेपनाची शाळा निघाली. १८९४ मध्ये व्हर्जिनिया राज्याने संलेपकांना परवाना आवश्यक केला. संलेपक द्रवातील विषारी आर्सेनिकाची जागा पुढे फॉर्माल्डिहाइडाने घेतली. सुताराच्या हत्यारांबरोबर आता शरीररचना, रसायनशास्त्र व आरोग्यविज्ञान यांचे ज्ञान आवश्यक ठरले. आज बहुतेक राज्यांत विशिष्ट अभ्यासक्रम, उमेदवारी व परीक्षा यांनंतरच परवाना मिळतो.

ज्ञानाबरोबर सचोटी येतेच असे नाही. शोकमग्न कुटुंब दरांची चौकशी वा घासाघीस करण्याच्या मनःस्थितीत नसते. या असहायतेचा फायदा घेऊन महागड्या शवपेट्या व अनावश्यक संलेपन गळी उतरविले जाते, अशी टीका जेसिका मिटफर्ड यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केली. व्यावसायिकांनी तीस विरोध केला; परंतु १९८४ मध्ये लागू झालेल्या संघीय नियमानुसार बाबवार दरपत्रक देणे व दूरध्वनीवरून दर सांगणे बंधनकारक झाले. कायद्याची सक्ती नसता ती आहे असे भासविण्यासही मनाई करण्यात आली.

२०१५ च्या सुमारास दहनाचे प्रमाण दफनाहून अधिक झाले. तेथे स्थायिक झालेल्या मराठी व अन्य हिंदू कुटुंबांनाही दहनासाठी सामान्यतः अशाच व्यवस्थापकाकडे जावे लागते. त्यामुळे निरनिराळ्या धर्मांच्या विधींची माहिती व त्यांविषयी आदर त्याच्या ठायी असावा लागतो. शांत स्वभाव, ऐकून घेण्याची तयारी, गुप्तता, वेळी-अवेळी काम करण्याची शारीरिक क्षमता आणि हिशेबातील चोखपणा हे गुणही अत्यावश्यक होत. ज्या ग्राहकाला त्या घडीला कशाचीच पारख करवत नाही, त्याच्याशी प्रामाणिक राहणे हीच या व्यवसायाची खरी कसोटी होय.