शकुंतलेची अंगठी आली कुठून?

सिनेमा बघून बाहेर पडलो की आपण बिनधास्त म्हणतो, "प्लॉटच नव्हता रे." म्हणजे नेमकं काय नव्हतं? आज गोष्ट, कथानक, कलाटणी, क्लायमॅक्स हे शब्द कुठून आले ते बघू. उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं, शकुंतलेचं.

आपल्या डोक्यात असलेली शकुंतला कालिदासाची आहे. मराठी माणसाच्या मनात ती आणखी घट्ट बसली, कारण 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं. पण गोष्ट त्याहून जुनी आहे. महाभारताच्या आदिपर्वात ती येते, आणि गंमत म्हणजे तिथे अंगठी नाही. दुर्वासांचा शापही नाही!

तिथे काय होतं? शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते. दुष्यंताला सगळं आठवत असतं, तरी तो सरळ नाकारतो. ती गप्प बसत नाही, भर दरबारात त्याला सुनावते. शेवटी आकाशवाणी होते आणि राजा मान्य करतो. वर म्हणतो, मला ठाऊक होतंच, पण लोकांनी शंका घेऊ नये म्हणून असं वागलो.

आता पहिला फरक. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने 1927 मध्ये तो सोप्या शब्दांत मांडला: घटना काळाच्या क्रमाने सांगितल्या की ती गोष्ट, आणि त्या कारणांनी जोडल्या की कथानक, म्हणजे प्लॉट. आमच्या कामात सर्व्हर बंद पडला की आधी टाइमलाइन लिहितात, मग 'का' शोधतात. टाइमलाइन ही गोष्ट, 'का' हे कथानक.

भेट, विरह, नकार, पुनर्मीलन हा सांगाडा दोन्हीकडे जवळपास तोच आहे. कालिदासाने 'का' बदललं. महाभारतात राजा नाकारतो, कारण त्याला लोकांची भीती आहे. नाटकात तो नाकारतो, कारण शापामुळे तो विसरलाय.

दुसरा शब्द कलाटणी, आणि तिसरा ओळख पटणं. हे दोन्ही इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये मांडले. त्याच्या मते दोन्ही एकाच क्षणी घडले तर उत्तम, आणि त्याचं आवडतं उदाहरण सोफोक्लीझचा ईडिपस. शाकुंतलात मात्र त्यांच्यात अंतर आहे. पाचव्या अंकात राणी व्हायला निघालेली शकुंतला नाकारली जाते, ही कलाटणी. माशाच्या पोटात सापडलेली अंगठी बघून सहाव्या अंकात राजाला आठवतं, ही ओळख. खुणेच्या वस्तूवरून ओळख पटवणं ॲरिस्टॉटलला कमी दर्जाचं वाटायचं. कालिदासाने मात्र ती खूण थेट नाटकाच्या नावातच घातली: 'अभिज्ञान' म्हणजे ओळखीची खूण!

मग क्लायमॅक्स कुठे? शाळेत शिकवतात तो डोंगरासारखा आलेख गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकाच्या 1863 च्या पुस्तकातला. प्रस्तावना, चढ, शिखर, उतार आणि शेवटी विनाश. शिखर शेवटी नाही, मधोमध! त्याच्यासमोर होत्या ग्रीक, शेक्सपिअरच्या आणि जर्मन शोकांतिका. शाकुंतल त्या डोंगरावर बसवायला गेलात तर फसाल, कारण उतारानंतर इथे विनाश नाही, मारीचाच्या आश्रमातली भेट आहे.

त्यापेक्षा भरतमुनींच्या नाट्यशास्त्राची मोजपट्टी जवळची. तिच्यात पाच अवस्था आहेत: आरंभ, प्रयत्न, फळ मिळेल अशी आशा, ते मिळणार याची खात्री, आणि फलागम. इथे प्रश्न 'कुठे कोसळलं' असा नाही, 'हवं होतं ते कितपत जवळ आलं' असा आहे. म्हणजे कुठलाच आलेख सार्वत्रिक नाही. समोर जी नाटकं होती, त्यांच्यावरून तो काढलेला असतो.

पण मला अंगठी सोडत नाही. तिच्यामुळे नाटक सुंदर झालं, यात वाद नाही. शाप प्रेक्षकांना आणि सख्यांना माहीत, शकुंतलेला नाही, त्यामुळे पाचवा अंक बघताना जीव वरखाली होतो. आणि त्याच अंगठीने दुष्यंत सुटला. महाभारतात उत्तर त्याला द्यावं लागतं. नाटकात दोष जातो दुर्वासांच्या रागाकडे, आणि थोडासा शकुंतलेकडेही, ती विचारात हरवून अतिथीला विसरली म्हणून.

म्हणून कथानक म्हणजे नुसती रचना नाही. 'का' कोण ठरवतं, त्यावर चूक कोणाच्या माथी लागणार हे ठरतं. पुढच्या वेळी एखादी गोष्ट फार आवडली, तर टाळ्या वाजवा, पण एकदा विचारा: यातली अंगठी कुठली, आणि तिच्यामुळे कोण सुटलं?

भेटू पुढच्या भागात.